शिकलगार सरांचा तर्जुमा

शिकलगार सरांना इंग्रजी येत नव्हतं, आणि आमच्या शाळेतल्या पोरांना पंधरा वर्षं इंग्रजी सिनेमे त्यांनीच समजावून सांगितले. मी त्या शाळेत इंग्रजीची बाई. माझं एम.ए. झालेलं, पदवी घेतानाचा फोटो घरी भिंतीवर लावलेला. पण सिनेमा लागला की मी गप्प बसायचे आणि सर बोलायचे. ते बोलायला लागले की मलाही तो सिनेमा जास्त कळायचा. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही.

ते चित्रकलेचे शिक्षक. नाव दस्तगीर. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतच जन्मले आणि तिथंच वाढले. घराण्याचा धंदा धार लावण्याचा. आजोबांनी तलवारींना धार लावली, वडिलांनी विळ्यांना आणि कात्र्यांना, आणि आपण पेन्सिलींना लावतो, असं ते स्वतःच सांगायचे. खिशात कायम एक छोटा चाकू. तास सुरू झाला की पोरं रांगेनं यायची आणि सर एकेकाची पेन्सिल हातात घेऊन चार फटक्यांत टोक काढून द्यायचे. शार्पनर वर्गात आणायला बंदी होती. "त्या डबीत पेन्सिल फिरते, टोक येतंय, पण टोक कसं आलं ते बघाय मिळत न्हाई," म्हणायचे.

बघणं हा त्यांचा खरा विषय होता. चित्रकला आपली वेळापत्रकात नाव असावं म्हणून. तांब्याची घागर टेबलावर ठेवायची, पेन्सिली खाली ठेवायला लावायच्या आणि पाच मिनिटं सगळ्या वर्गानं घागरीकडे नुसतं बघायचं. एकदा इन्स्पेक्टर नेमके त्याच पाच मिनिटांत आले. पन्नास पोरं हाताची घडी घालून घागरीकडे बघतायत, सरही बघतायत. इन्स्पेक्टर म्हणाले, "काय चाललंय?"

"बघाय लागल्यात, सायेब."

"तास कधी सुरू होणार?"

"सुरूच हाय की. तुमी बी बसा."

आणि ते इन्स्पेक्टर बसले. पाच मिनिटं घागरीकडे बघून उठले, शेऱ्याच्या वहीत 'समाधानकारक' लिहिलं आणि गेले. आम्ही बाकीचे मास्तर आठवडाभर हसत होतो. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. म्हणाले, "मानूस चांगला हुता. शेवटच्या मिनटाला त्येला घागरीचा पोचा दिसला. मी बघितलं की त्येच्या तोंडाकडं."

शाळेत सोळा मिलिमीटरचं एक प्रोजेक्टर होतं. सगळे त्याला मशीन म्हणायचे. ते चालवायला कुणी तयार नव्हतं म्हणून सरांच्या गळ्यात पडलं. सिनेमे पार्सलनं यायचे, एसटीनं. डासांवरचे, धरणांवरचे, बर्फात राहणाऱ्या माणसांवरचे. सगळे इंग्रजीत. पहिला सिनेमा दाखवला तेव्हा पोरांनी दहा मिनिटांत गोंधळ घातला, आणि सरांनी मशीनचा आवाज बंद करून स्वतःच बोलायला सुरुवात केली. तेव्हापासून ती प्रथाच पडली. ते त्याला तर्जुमा म्हणायचे.

तर्जुम्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. सिनेमा आदल्या दिवशी एकट्यानं तीनदा बघायचा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद. मी एकदा विचारलं, आवाज कशाला बंद करता, चार शब्द कळले तर मदत होईल. तर म्हणाले, "आवाज असला की मी ऐकत बसतो, बाई. मग दिसत न्हाई." दुसऱ्यांदा आवाज लावून. मग मला बोलावून काही अडलं असेल तर विचारायचं. तिसऱ्यांदा पुन्हा आवाज बंद, आणि रिकाम्या हॉलमध्ये रिकाम्या बाकांना सगळा सिनेमा बोलून सांगायचा.

शनिवारी खिडक्यांना घोंगडी लागायची, पोरं खाली सतरंजीवर, आणि सर मशीनच्या डाव्या बाजूला उभे. परदेशातलं एखादं धरण दिसलं की म्हणायचे, "आपल्या कळंब्याचं तळं हाय न्हवं, तसली पन्नास तळी एकाला एक जोडा. झालं?" पोरं जोडायची. प्राण्यांना तर ते सरळ हुद्दे वाटायचे. पेंग्विन पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा म्हणाले, "हे वकील. कोर्ट सुटलंय, घराकडं निघाल्यात." बर्फावरून ते काळ्या कोटातले वकील डुलत डुलत निघाले आणि हॉल हसून लोळला. त्या हॉलमध्ये एका खऱ्या वकिलाचा मुलगा बसला होता. त्यानं घरी जाऊन सांगितलं. वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी शाळेत आले, आणि आम्हाला वाटलं आता काही तरी होणार, तर ते म्हणाले, मला तो सिनेमा बघायचाय.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरलं. सर डुक्कर हा शब्द तोंडावर घेत नसत. तसे ते फार धार्मिक नव्हते. नमाज ईदेपुरता. मोहरमच्या पंजाची सजावट करायचे तशी पेठेतल्या गणपतीमागचा पडदाही रंगवायचे. पण त्यांच्या आईनं लहानपणी सांगून ठेवलं होतं की त्या जनावराचं नाव घेतलं तर चाळीस दिवस तोंड पाक होत नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरांनी ती एक गोष्ट मात्र पाळली. चित्र काढायला त्यांची काही हरकत नव्हती. पाचवीच्या वर्गात पाळीव प्राण्यांचा तक्ता त्यांनीच रंगवला होता, आणि त्यात सगळ्यांत उत्तम उतरलेलं जनावर तेच होतं. पोरं वात्रट. मुद्दाम त्यावर बोट ठेवून विचारायची, "सर, हे काय हो?"

"तुला ठावं हाय न्हवं? मग मला कशाला इचारतोस?"

"हाताला चालतंय, तोंडाला चालत न्हाई," असं एकदा त्यांनी मला सांगितलं होतं. मी हसले होते आणि विसरून गेले होते.

आणीबाणीचं ते वर्ष. स्टाफरूममध्येसुद्धा लोक हवापाण्यावर बोलायचे. मी तरुण होते, डोक्यात बरंच काही होतं, आणि ते बोलायची हिंमत नव्हती. पुण्याच्या एका फिल्म लायब्ररीची यादी शाळेत यायची, तिच्यात मला एक कार्टूनचा सिनेमा दिसला. एका गाजलेल्या राजकीय रूपककथेवरून केलेला. गोष्ट अशी की एका शेतावरची जनावरं मालकाला हाकलून देतात, शेत सगळ्यांचं म्हणून जाहीर करतात, आणि मग त्यांच्यातलीच हुशार डुकरं हळूहळू मालकाच्या जागी जाऊन बसतात. मी कथा वाचलेली होती. सिनेमात काय आहे ते मला पुरतं ठाऊक होतं. हेडसरांना मी सांगितलं, "जनावरांचं कार्टून आहे, मुलांना आवडेल." हेडसर बिचारे सज्जन. म्हणाले, "जनावरांचं ना? मग हरकत नाही." आणि स्नेहसंमेलनाच्या सकाळी तो दाखवायचा ठरला.

शुक्रवारी दुपारी सरांनी मला हॉलमध्ये बोलावलं. दोनदा बघून झालं होतं. मशीनजवळच्या स्टुलावर बसले होते, चाकू उघडत होते, मिटत होते.

"बाई, हे जनावरांचं न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमाला ठावं हाय." त्यांनी पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे बोट केलं. तिथं एक गुलाबी, लठ्ठ, बारीक डोळ्यांचा प्राणी दोन पायांवर उभा होता. "ह्यास्नी काय म्हणायचं?"

"डुक्कर म्हणा की. दुसरं काय म्हणणार?"

त्यांनी नुसती मान हलवली. मी माझ्या नाटकाच्या तालमीला निघून गेले. दोन मिनिटं थांबले असते तर मला आठवलं असतं. पण मी थांबले नाही.

संमेलनाला आमच्या संस्थेचे चेअरमनसाहेब आले होते. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं माझ्या मनात नाही. पत्र्याच्या खोल्यांतली शाळा त्यांनी दगडी इमारतीत आणली होती. ते दूध संस्थेचेही चेअरमन होते, आणि आमच्या निम्म्या पोरांच्या घरचं दूध त्यांच्याच संस्थेत जायचं. कोल्हापुरात चेअरमन हा शब्द नुसता उच्चारला तरी पेठेत प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापला एक माणूस उभा राहतो. आमच्या हॉलमध्ये मात्र त्या दिवशी सगळ्यांचा एकच होता, आणि तो पहिल्या रांगेत मखमली खुर्चीत, गळ्यात हार घालून बसला होता.

सिनेमा सुरू झाला. सरांनी मेंढ्यांची ओळख करून दिली, कोंबड्यांची करून दिली, घोडा आला, गाय आली. पोरं रंगली. मग तो गुलाबी प्राणी पुढे आला, ओट्यावर चढला आणि सगळ्या जनावरांना भाषण द्यायला लागला. सर थांबले. मशीनची नुसती टकटक. मला तेव्हा सगळं आठवलं.

"आन् हे," सर म्हणाले, आणि पुन्हा थांबले. "हे चेअरमन."

हॉल फुटला. मागच्या बाकांवर पालक होते, तेही हसले. चेअरमनसाहेबसुद्धा हसले, मागे वळून हात वर केला. मी सरांकडे बघत होते. ते दचकले होते. आपण काय बोललो ते त्यांना त्या हसण्यावरून कळलं, हे मी मशीनच्या उजेडात स्पष्ट बघितलं. तिथं त्यांना फिरता आलं असतं. पुढारी म्हणता आलं असतं, पाटील, गुलाब्या, काहीही. त्यांनी पडद्याकडे बघितलं. पाचएक क्षण, घागरीकडे बघायचे तसं. मग बोलायला लागले.

"चेअरमन म्हणत्यात, मालक गेला, आता समदं आपलंच. चेअरमन म्हणत्यात, समद्यांनी दूध हिकडं आणून ओता. मापानं घेऊ. माप कुणाकडं ऱ्हाणार? चेअरमनकडं."

पुन्हा हसणं, पण आता वेगळं. पालक एकमेकांकडे बघत होते. चेअरमनसाहेब हसले नाहीत. सरांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. सिनेमा पुढे सरकत गेला तसं हसणं कमी होत गेलं आणि शेवटच्या दहा मिनिटांत सतरंजीवरचं एकही पोर हललं नाही. पाचवीची पोरंसुद्धा. शेवटी ते जनावर मालकाच्या खुर्चीत जाऊन बसलं आणि बाकीची सगळी सकाळच्या कामाला रांगेत उभी राहिली. सर म्हणाले, "रांग तीच हाय. खुर्ची बी तीच. बसणारा तेवढा नवा हाय." आणि मशीन बंद केलं.

घोंगडी काढली तेव्हा मखमली खुर्ची रिकामी होती. हार खुर्चीवर ठेवलेला होता.

सोमवारी हेडसरांच्या खोलीत बोलावणं आलं. हेडसर, संस्थेचे सेक्रेटरी, शिकलगार सर आणि मी. सेक्रेटरी म्हणाले, "शिकलगार, हा शब्द तुम्हाला कुणी सांगितला?"

"कुणी न्हाई."

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, सिनेमा तुम्ही मागवला. तुम्ही यांना काय सांगितलं होतं?"

मी म्हणाले, "डुक्कर म्हणा असं सांगितलं होतं."

शब्दन् शब्द खरं होतं. आयुष्यात इतकं भित्रं खरं मी दुसरं बोलले नाही. सिनेमा मी जाणूनबुजून मागवला, मला जे बोलायचं होतं ते यांच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, हे मी तिथं बोलायला हवं होतं. ते तोंडातून निघालं नाही. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सेक्रेटरी बाहेर गेल्यावर हेडसरांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. रविवारभर बसून त्यांनी तो लिहिला होता. सदर प्राण्याचे नाव उच्चारणे धर्मानुसार निषिद्ध असल्याने अनवधानाने अन्य शब्द तोंडी आला, हेतू वाईट नव्हता, क्षमा असावी, असा मजकूर. नाही तर संस्था सरांची बदली चंदगड तालुक्यातल्या शाळेत करणार होती. तिथं चार महिने पाऊस हटत नाही, आणि सरांच्या बायकोला, जुलेखाभाभींना, दमा होता. हे हेडसरांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"सही करा आणि तासाला जा," हेडसर म्हणाले.

सरांनी कागद ओळीखाली बोट फिरवत वाचला. "हे बराबर न्हाई, सर."

"काय बरोबर नाही? तुम्ही ते नाव घेत नाही हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे."

"पैल्या येळंचं बराबर हाय. नाव घ्यायचं न्हवतं, सुचलं ते तोंडातनं गेलं. पण पोरं हसली तवा मला कळलं की मी काय बोललो ते. त्येच्या फुडं अर्धा तास मी तेच बोललो. ती चूक कशी?"

"अहो, पण कागदावर तेवढं..."

"पैला चेअरमन आईपायी गेला, सर. बाकीचे माझे हाईत. माझं मी आईच्या नावावर कसं घालू?"

हेडसरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. बाहेर व्हरांड्यात मी सरांना गाठलं. म्हटलं, सही करायला हवी होती, भाभींचा तरी विचार करा. ते म्हणाले, "बाई, इतकी वर्सं मी पोरांस्नी सिनेमे सांगितले. डास सांगितला, बर्फ सांगितला. त्यात माझं काय न्हवतं. ह्यो एक तर्जुमा नीट जमला. त्येला बी चूक म्हणू व्हय?" मग म्हणाले, "तुमी सिनेमा आणलासा ते बरं केलंसा." यापेक्षा त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात बदली झाली. पुढं दोन पावसाळे ते तिकडे होते. अधूनमधून पोस्टकार्ड यायचं. मजकूर कमी, चित्र जास्त. एकावर दोरीवर वाळत घातलेला सदरा आणि खाली एवढंच लिहिलेलं, 'सात दिवस झाले.' मी हसले होते ते वाचून. त्या ओलीत भाभींची छाती कशी भरत असेल ते मला त्या सदऱ्यावरून कळायला हवं होतं.

मधल्या काळात निवडणूक झाली, आणीबाणी उठली, दिल्लीतलं सरकार बदललं. ज्यांनी दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं ते स्टाफरूममध्ये टेबलावर मुठी आपटून बोलायला लागले. त्यात मीही होते. आमचे चेअरमन मात्र तेच होते.

त्याच्या पुढच्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी सर माझ्या घरी आले. "कालच आलतो," म्हणाले. वाळलेले दिसत होते. खुर्चीच्या कडेवर बसले. पाणी प्यायले, चहा घेतला नाही.

"भाभी कशा आहेत?"

"बसून झोपती. आडवं पडलं की श्वास मिळत न्हाई तिला. डॉक्टर म्हणाला, ह्यो पावसाळा तिकडं झेपायचा न्हाई." पंख्याकडे बघत म्हणाले, "बाई, त्यो कागद लिवून द्याल काय? हेडसरांनी लिवलेला तसा. मला त्या भाषेत लिवाय येत न्हाई."

मी कागद घेतला. हेडसरांचा मजकूर मला बराचसा पाठ होता. धर्मानुसार निषिद्ध असल्याने, इथपर्यंत लिहून मी वाचून दाखवलं.

"ते काढा. आईचं, धर्माचं काय घालू नका. नुसतं माझ्याकडनं झालं म्हणा."

मी दुसरा कागद घेतला. माझ्याकडून सदर शब्द अनवधानाने उच्चारला गेला.

"अनवधानाने म्हंजे?"

"चुकून."

"मग चुकून लिवा. मला कळंल असं असू दे."

मी चुकून लिहिलं. त्या कागदावर माझंही नाव घालता आलं असतं. सिनेमा मी मागवला होता, अर्थ ठाऊक असून मागवला होता, असं एक वाक्य. आता तर आणीबाणीही नव्हती. पण नोकरी होती, त्याच संस्थेत, आणि कर्जाचे हप्ते नाहीत की आजारपण नाही, कुठलंच कारण नसताना मी गप्प बसले. सरांनी कागद हातात घेतला आणि तो एक शब्द हळू आवाजात वाचला. "चुकून." मग खिशातून पेन काढून सही केली. चित्रकाराची सही, एरवी लफ्फेदार असायची. ती त्यांनी पोस्टात अंगठ्याशेजारी साक्षीदार करतात तशी साधी केली.

चेअरमनसाहेबांनी मोठ्या मनानं कागद घेतला. सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, झालं गेलं विसरून जा. जूनला सर परत पेठेत आले. भाभींची छाती महिन्या-दोन महिन्यांत मोकळी झाली. संध्याकाळी त्या दाराशी उभ्या राहून शेजारणीशी बोलताना मी त्यांना कितीदा बघितलं, खोकल्याशिवाय, चांगल्या अर्धा अर्धा तास. म्हणून ती सही करायला नको होती असं मला कधीच म्हणता येणार नाही. त्या बाईला श्वास मिळाला.

शाळेत सरांनी पुन्हा चाकू काढला, पुन्हा पेन्सिलींची रांग लागली. पुन्हा घागर टेबलावर आली. मशीनही त्यांच्याकडेच आलं. पण तर्जुमा बंद झाला. पहिल्या शनिवारी पोरांनी गलका केला, "सर, सांगा की." सर म्हणाले, "घसा बसलाय." पुढच्या शनिवारीही बसलेलाच होता. मग पोरांनी मागणं सोडलं. सर मशीनचा आवाज मोठा करायचे आणि इंग्रजी माणसं पडद्यावरून जे काय बोलायची ते बोलायची. पोरं सतरंजीवर चुळबुळत, चिमटे काढत बसायची. हेडसर एकदा मला म्हणाले, "बाई, तुम्ही का सांगत नाही मुलांना? तुम्हाला तर भाषा येते." मी एकदा प्रयत्न केला. शुद्ध मराठीत, व्यवस्थित. पाच मिनिटांत पोरं जांभया द्यायला लागली.

सर निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात एक सिनेमा आला होता. समुद्रातल्या कासवांचा. वाळूत पुरलेली अंडी फुटतात आणि बोटभर पिल्लं पाण्याकडे निघतात, वरून पक्षी झडप घालत असतात. मी उशिरा आले म्हणून मागं मशीनजवळच स्टूल ओढून बसले. पडद्यावर पिल्लं वाळूतून सरपटत होती, पोरं नेहमीसारखी कुजबुजत होती. माझं सहज सरांकडे लक्ष गेलं. मशीनच्या फटीतून उजेडाची पट्टी त्यांच्या हनुवटीवर पडली होती आणि त्यांचे ओठ हलत होते.

मला वाटलं पान चघळतायत. पण ते बोलत होते. पिल्लू थांबलं की ओठ थांबायचे, पक्षी आला की भराभर हलायचे. मधेच हात उचलून त्यांनी पडद्याकडे बोट केलं, मधे भुवया वर गेल्या. सगळा तर्जुमा चालला होता, जिथं हसवायचं तिथं थांबण्यासकट. मी स्टूल सरकवून अगदी जवळ गेले, कान दिला. मशीनची टकटक, इंग्रजी आवाज, आणि त्या खाली काहीच नाही. शेवटचं पिल्लू पाण्यात शिरेपर्यंत ते असेच बोलत होते.

सिनेमा संपला, पोरं बाहेर पळाली. मी म्हटलं, "सर, तुम्ही बोलत होता."

ते दचकले. रिकाम्या हॉलभर नजर फिरवली, दाराकडेसुद्धा बघितलं.

"ऐकू आलं काय कुणाला?"

"नाही," मी म्हटलं. "मलासुद्धा नाही."

"मग हरकत न्हाई," ते म्हणाले, आणि रीळ उलटं गुंडाळायला लागले.